बोटुकली सोडली किती, टिकली किती?

नदीत मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी फोटो येतो. पाहुण्यांच्या हातात घमेलं, खाली आकडा: इतकी लाख बोटुकली सोडली. त्यातली पाच वर्षांनी किती जगली, ही बातमी आम्ही आजवर वाचलेली नाही. नदी-मासे हा आपल्या चळवळीचा विषय नाही असं म्हणणाऱ्या मित्रांशी आम्हाला त्यावरच बोलायचं आहे.

कावेरीत पाठीला उंचवटा असलेला कुबड्या महसीर राहतो. पन्नास किलोंच्या पुढे वाढणारा हा मासा कावेरीच्या खोऱ्याबाहेर जगात कुठेही नाही. महसीर कमी होतायत म्हणून गेल्या शतकात आपल्या लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रातला निळ्या परांचा महसीर तिथे नेऊन सोडला गेला. हेतू वाईट नव्हता. पण कागदावर दोन्हीही 'महसीर'च. एकूण संख्या वाढली की काम फत्ते!

खरं काय घडलं ते कळलं एका वहीमुळे. कर्नाटकात गालिबोरला गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी लोकांचा तळ होता. १९९८ ते २०१२ अशी चौदा-पंधरा वर्षं तिथे लिहून ठेवलं गेलं: किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती. सहा हजारांहून जास्त मासे त्या नोंदींत आहेत. २०१५ साली संशोधकांनी त्या अभ्यासून मांडल्या तेव्हा दिसलं की मासे जास्त लागत होते, पण सरासरी वजन घसरत होतं आणि कुबड्या जवळजवळ नाहीसा झाला होता. बाहेरून आणलेला वाढत होता, नदीचा स्वतःचा संपत होता. २०१८ साली या माशाचं शास्त्रीय नाव निश्चित झालं आणि त्याच वर्षी तो जगाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. बेरजेच्या आड कोण गायब होतं, हे जातनिहाय जनगणना मागणाऱ्यांना आम्ही काय सांगावं!

आम्हाला खुपतं ते पुढचं. वही हौशी लोकांची होती म्हणून तिचं शास्त्र झालं. त्यांनी ती नेटाने ठेवली, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण पोटासाठी त्याच पाण्यात जाळं टाकणाऱ्याला मोठा मासा दिसेनासा झाल्याचं कळलं नसेल? त्याचं म्हणणं कोणी लिहून घेतलं? जाळं टाकणाऱ्याचं ज्ञान 'अनुभव' आणि वहीवाल्याचं ज्ञान 'डेटा', ही वाटणी आपल्याला चांगली ओळखीची आहे.

मासा परत येतोय का हे एका पाहणीने कळत नाही. महसीर वर्षानुवर्षं जगतो, स्वच्छ वाहत्या पाण्यात खडी-गोट्यांमध्ये अंडी घालतो. म्हणून त्याच डोहात, त्याच हंगामात, त्याच पद्धतीने दरवर्षी पाहावं लागतं: पाणी किती वाहतं, धरणातून कधी सुटतं, प्राणवायू किती, वाळूवाल्यांनी खडी उपसली का. तीन वर्षांचा प्रकल्प संपतो तेव्हा मोजणीला जेमतेम सुरुवात झालेली असते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला. नदीची माहिती आधी, नियोजन नंतर, हा त्यामागचा विचार. मासा तेव्हा त्या हिशेबात नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो हिशेबात आणणं आपलं काम आहे.

त्यासाठी नवा कायदा नको. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत आणि महिना दहा लाखांच्या भरपाईचा धाक दिल्यावर घाईघाईत नोंदवह्यांचे ढीग तयार झाले. तुमच्या गावचीही कपाटात असेल. माहिती अधिकारात मागा. माशांचं पान उघडा आणि विचारा: हे कोणत्या भोयाने, कोणत्या कोळ्याने सांगितलं? कधी? त्यानंतर एक तरी ओळ वाढली का? वाढली नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा, की दर हंगामात नदीवर जाऊन नोंद करणाऱ्या मच्छीमाराला दिवसाची मजुरी मिळेल आणि नोंदीखाली त्याचं किंवा तिचं नाव लिहिलं जाईल. मजुरीचा मुद्दा सोडू नका. ज्ञान फुकट द्यायला सांगतील.