कोकणच्या तहानेला समुद्राचे पाणी परवडेल का?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा कुवेतहून सुट्टीवर आला. सकाळी मागच्या विहिरीचे पाणी ओढून त्याने गुळणी केली आणि लगेच थुंकून टाकले. "मामू, हे तर मचूळ झालंय! तिकडे वाळवंटात चोवीस तास गोडं पाणी, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, समोर समुद्र, तरी टँकर? तसला प्लांट इथे का नाही टाकत?"

कोकणातल्या बऱ्याच घरांतला कुणी ना कुणी आखातात आहे, त्यामुळे हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. तो उगाच नाही. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून समुद्राचे पाणी गोडे केले जाते. त्या प्रकल्पाची क्षमता रोज १० कोटी लिटर आहे. मुंबई महापालिकेनेही मनोरीला रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प हाती घेतला आहे. मग दापोली, मुरुड, गुहागर, मालवणला का नको?

आधी हे काम कसे चालते ते बघू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी गाळून, प्रचंड दाबाने बारीक पडद्यातून ढकलतात. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या पंचवीस-तीस पट हा दाब. यासाठी हजार लिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाला रोज ५५ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे रोज जवळजवळ १९० युनिट, महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. पडदे बदलणे, रसायने, तंत्रज्ञाचा पगार, आणि किनाऱ्यावरचे पाणी डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांवर चढवणे हा खर्च वेगळा. बिल थकल्यामुळे बंद पडलेल्या साध्या नळयोजना आपण पाहिल्या आहेत. त्याच ग्रामपंचायतीला हे कसे झेपणार?

कुवेतचे गणित वेगळे आहे. तिथे वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, नदी नाही, तेल घरचे आहे, बहुतेक वस्ती किनाऱ्यावरच्या शहरात आहे आणि पाण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकार सोसते. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही. आपल्याकडे मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

कुणी लक्षद्वीपचे उदाहरण देतात. कवरत्तीला २००५ पासून वेगळ्या पद्धतीचा, रोज एक लाख लिटरचा प्रकल्प आहे. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवून त्याची वाफ करतात आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ परत पाणी करतात. पण तिथे बेटाला लागूनच समुद्र शेकडो मीटर खोल होतो. आपला किनारा लांबपर्यंत उथळ आहे, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही.

शिवाय शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून गोडे मिळते चाळीस-पंचेचाळीस लिटर. उरलेले पाणी जवळजवळ दुप्पट खारट होते. ते खाडीत सोडले तर कालवे, तिसऱ्या, कोलंबी आणि त्यावर जगणाऱ्या आपल्या मच्छीमार बांधवांचे काय? आणि पावसाळ्यात नद्या गाळ घेऊन येतात, तेव्हा पडदे तुंबतात ते वेगळेच.

विहीर खारी का होते?

आता भाच्याच्या विहिरीकडे येऊ. जंजिरा किल्ला चारही बाजूंनी समुद्रात आहे, तरी आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी सगळ्यांना माहीत आहेत. पावसाचे पाणी साठवले आणि जपून उपसले, तर समुद्राच्या मध्येही गोडे पाणी टिकते, हे त्या लोकांना कळले होते.

किनाऱ्यावरच्या जमिनीत पावसाचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालचे खारे पाणी जवळजवळ चाळीस मीटर वर सरकू शकते. आमच्या भागात एका लॉजची बोअरवेल दिवसरात्र चालू लागली, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आसपासच्या विहिरी मचूळ झाल्या. एकदा खारी झालेली विहीर धुऊन निघायला कित्येक पावसाळे जातात.

हॉटेलला एका खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरण्याचा सरकारी निकष आहे. चाळीस खाटांच्या हॉटेलला ७,२०० लिटर, म्हणजे गावातल्या १३० माणसांचे पाणी. त्यातले बरेचसे सांडपाणी होऊन शोषखड्ड्यात जाते. आपला जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी धरून ठेवत नाही, आणि घाणही अडवत नाही. ती थेट शेजारच्या विहिरीत उतरते. मग मुलांना जुलाब, कावीळ. उन्हाळ्यात वर्गातली पटसंख्या का घटते, हे मला हजेरीपटावरून समजते.

पर्यटन नको असे मी म्हणत नाही. आपल्यातल्याच किती कुटुंबांची खानावळ, होमस्टे, होडी त्यावर चालते. पण पाण्याचा खर्च ज्याचा धंदा त्याने उचलावा. मोठ्या हॉटेलांनी सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरावे. गोडे पाणी कमीच पडत असेल, तर किनाऱ्यावर स्वतःचे छोटे खारे पाणी शुद्धीकरण यंत्र लावावे. त्यांच्या दरात ते बसते, गावाच्या पाणीपट्टीत नाही.

गावाने स्वतःचे पाणी सांभाळावे. जुन्या विहिरींचा गाळ काढणे, ओढ्यांवर वनराई बंधारे, छपरांचे पाणी टाकीत घेणे, मशिदीतले वजूचे पाणी बागेला किंवा झाडांना देणे, ही कामे कमी खर्चाची आहेत. सरकारकडे मागायचेच असेल, तर कोयनेचे मागा. वीज तयार झाल्यावर दरवर्षी सुमारे ६७.५ टीएमसी पाणी वाशिष्ठीतून समुद्राकडे सोडले जाते. मनोरीसारखे २६ प्रकल्प वर्षभर चालवल्यावर जेवढे पाणी मिळेल, तेवढे हे पाणी आहे, आणि ते मुळातच गोडे आहे. ते सगळ्या वाड्यांना पोहोचणार नाही, पण चिपळूण-गुहागर पट्ट्याची तहान भागवू शकते.

येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येत नाही, असा राज्याचा भूजल कायदा सांगतो. मग आपल्या गावात अशा किती बोअर झाल्या? आणि नव्या हॉटेलाला दाखला देताना त्याचे सांडपाणी कुठे जाणार, हे कुणी पाहिले का? उत्तर लेखी मागा.

भाचा परत कुवेतला गेला. जाताना मी त्याला सांगितले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा प्लांटसाठी नाही, छपराखालच्या टाकीसाठी थोडे पैसे घेऊन ये."