इंजिनाची नळी

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून इंजिन करताना मुले हमखास कंटाळतात ती पुढच्या ब्रेकच्या नळीला. आमच्या लोहाऱ्यात रेल्वे नाही. तरी शेजारचा मुलगा असे इंजिन जोडतो आहे, बार्शीच्या छोट्या गाडीवर पूर्वी गार्ड असलेल्या आजोबांसाठी. परवा मला विचारीत होता, "काका, ही ओबडधोबड नळी कापून टाकू?"

आजोबाच म्हणाले, "मग गाडी थांबवशील कशाने?"

खरेच आहे. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये नळीतली हवा खेचून घेतली की ब्रेक सुटतो. नळी तुटून हवा आत शिरली की तो आपोआप लागतो.

साच्याच्या जोडाची रेघ नळीवर उरते. भाग चौकटीपासून तोडण्याआधीच ब्लेड आडवे धरून ती अलगद खरवडावी, मग बारीक पॉलिशपेपर फिरवावा. नळी फारच चपटी निघाली, तर कापून तांब्याची मऊ तार बसवावी. १:७६ प्रमाणात पाच सेंटिमीटर जाडीची नळी ०.६६ मिलिमीटर भरते. आतली तार त्याहून थोडी बारीक घेऊन वर वाइंडिंगची केसाएवढी तार गुंडाळली, की रबरी नळीच्या वळ्याही दिसतात.

शेवटी काळा रंग द्यावा, पण बिनचकाकीचा. वापरातले रबर काही नव्या बुटासारखे चमकत नाही!