दोरी कुणाच्या हाती?

जत्रेत पाळण्यांची करकर, पिपाण्या आणि भेळवाल्यांच्या आरोळ्या या सगळ्यांवर मात करणारा एक आवाज हमखास असतो. पोलीस चौकीजवळच्या कर्ण्यावरून कुणीतरी सांगत असतं, ‘लाल फ्रॉक घातलेली, अंदाजे तीन वर्षांची मुलगी सापडली आहे. तिच्या आईने ताबडतोब इकडे यावे.’ मूल दोघांचं असतं, बरोबर आजी, आत्या, काका अशी सहा माणसं आलेली असतात; पण बहुतेक वेळा हाक जाते ती आईला. आई धापा टाकत येते, लेकराला उराशी धरते आणि तिच्या कानावर पहिला प्रश्न पडतो, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’

मैत्रिणींनो, म्हणूनच आज मला एका साध्या पट्ट्याबद्दल बोलायचंय. हल्ली मॉलमध्ये, रेल्वे स्टेशनवर, क्वचित आपल्या छोट्या गावांतही तो दिसायला लागलाय. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात मुलाच्या मनगटात एक कडं, आईच्या मनगटात दुसरं आणि मध्ये जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळीची दोरी. दुसऱ्यात मुलाच्या छातीवर, खांद्यांवर पट्टे आणि पाठीमागे लावलेल्या दोरीचं टोक मोठ्या माणसाच्या हातात. बाजारात तो मिळतो, ऑनलाइनही मागवता येतो. पण तो वापरणाऱ्या आईला काय काय ऐकावं लागतं! ‘अगंबाई, पोर आहे की कुत्र्याचं पिल्लू?’ ‘एवढंही सांभाळता येत नाही?’ म्हणजे मूल हरवलं तरी बोलणी आईलाच आणि हरवू नये म्हणून बांधलं तरी बोलणी आईलाच.

हे फॉरेनचं खूळ आहे, असंही म्हटलं जातं. युरोपात दोन-तीनशे वर्षांपूर्वी मुलांच्या झग्यांनाच अशा दोऱ्या शिवलेल्या असायच्या हे खरं. पण मूल दोरीनं बांधणं आपल्याला नवीन का आहे? बांधकामावर, उसाच्या फडात राबणारी बाई आजही लेकराला झोळीत घालते. रांगायला लागलं की जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कंबरेला बांधून दुसरं टोक खुंट्याला अडकवते. तिला कुणी ‘कुत्र्यासारखं बांधलंस’ म्हणत नाही, कारण तिची अडचण सगळ्यांना दिसते. आणि आपला दामोदर? ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो दामोदर! यशोदेनं उखळाला बांधलं, तर पठ्ठ्यानं उखळच ओढत नेऊन दोन झाडं पाडली. बांधून ठेवलं की मूल गप्प बसतं, हा समज तेव्हापासून खोटा ठरलाय.

म्हणून पट्ट्याचा पहिला नियम तोच. तो मुलाला कुठं तरी अडकवून ठेवण्यासाठी नाही. बाकाला, खांबाला, गाडीला मूल बांधून आपण साड्या बघायला मोकळं व्हायचं नाही. दोरीचं दुसरं टोक जागत्या माणसाच्या हातातच हवं.

‘हात धरला की झालं, पट्टा कशाला?’ असं आजी म्हणतात. त्यांचं चूक नाही. हाताची सर कशालाच नाही. पण दीड ते चार वर्षांचं मूल म्हणजे पळण्याचा वेग आहे आणि धोक्याची जाण नाही, असा मामला असतो. अडीच-तीन फुटांवरून त्याला गर्दी दिसते ती नुसती पायांची. निळी साडी दिसली की तीच आई! आणि आईला दोनच हात. एका हातात पिशवी, कडेवर धाकटं, नारळाचे पैसे द्यायला पर्स उघडायची, एस.टी.त चढताना दांडी धरायची. हात सुटायला एक क्षण पुरतो.

शिवाय हात धरण्यातही एक धोका आहे, तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो. मूल पळायला लागलं की आपण त्याच्या हाताला झटका देऊन मागं खेचतो किंवा एका हाताला धरून त्याला पायरीवर उचलतो. एक ते चार वर्षांच्या मुलांत अशा झटक्यानं कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल रडतं आणि तो हात वापरायचंच टाळतं. असं झालं तर तेल लावून चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. डॉक्टर ते बहुधा मिनिटभरात जागेवर बसवतात. या कारणासाठीच मला मनगटाच्या कड्यापेक्षा छातीवरचा पट्टा बरा वाटतो. ओढ बसली तरी ती अंगभर वाटली जाते, एका कोपरावर येत नाही.

पट्टा घेतलात तर थोडं पथ्यही पाळा. दोरी लांबलचक नको. लोक अडखळतात आणि मूल तिच्यात गुरफटतं. गळ्याभोवती काहीही येता कामा नये. घरी शिवणार असाल तर शाळेच्या दप्तराचा रुंद पट्टा वापरा, सरकगाठ कधीच मारू नका. सरकता जिना, पाळणा आणि गाडीचं दार इथं मूल सरळ उचलून घ्या. मूल शिक्षा समजेल अशा रीतीनं पट्टा घालू नका. ‘तू मला धर, मी तुला धरते’ असा खेळ करून घरी दोनदा सराव करा. आणि पट्ट्यानं ओढत नेऊ नका. चालायचं हात धरूनच, पट्टा फक्त निसटलेल्या क्षणासाठी.

काही मुलांच्या बाबतीत मात्र हा क्षणाचा प्रश्न नसतो. स्वमग्न मुलं, हाक ऐकू न येणारी मुलं पाच-सहा वर्षांची झाली तरी अचानक धावत सुटतात. त्यांच्या आईच्या हातात पट्टा दिसला तर तिच्याकडे वळून बघू नका, सल्लाही देऊ नका. त्या पट्ट्यामुळेच ती माउली घराबाहेर पडू शकलेली असते.

पण पट्ट्यावर भरवसा किती ठेवायचा? २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, सुमारे ३०० माणसं गेली. अशा लोंढ्यात कुठलाही पट्टा कामाचा नाही, उलट तो अडकू शकतो. तिथं मूल छातीशी घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. खरं तर तान्ह्या-तुकड्यांना घेऊन मुख्य दिवशी न जाणंच शहाणपणाचं. देव दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. आणि येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणं, गर्दी आवरणं हे प्रशासनाचं आणि देवस्थानचं काम आहे. ते आईच्या मनगटाला बांधून कुणाला सुटता येणार नाही.

एवढं करूनही मूल दिसेनासं झालं, तर लाजत, शोधत तासभर घालवू नका. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी आधीच ठेवा, नाव मात्र कपड्यावर ठळक लिहू नका. निघताना मोबाइलवर त्याचा फोटो काढा, म्हणजे अंगात काय होतं ते आठवत बसावं लागत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. ११२ तर आहेच. ‘चोवीस तास वाट बघा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच बजावलंय.

आता शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. जत्रेत नीट बघा. पिशवी, पाण्याची बाटली, धाकटं आणि थोरलं असं सगळं घेऊन बाई मागून चालत असते आणि नवरा दहा पावलं पुढं, हात मोकळे. तिला पट्टा आणून दिला म्हणजे तिचं ओझं कमी झालं असं नाही. आणखी एक दोरी तेवढी तिच्या हातात आली. पट्टा घरात जरूर आणा. लोकांच्या टोमण्यांना भिऊ नका, ते दोन मिनिटांत विरतात. पण निघण्याआधी घरातच ठरवा, जाताना कुणी धरायचा आणि येताना कुणी. आणि पहिली पाळी बाबांची ठेवा.