गोल्फ क्लबचे मैदान आणि मिसळीचे बाक

गोल्फ खेळणारी चार माणसे एकत्र आली, की गप्पा दोन विषयांवर हमखास येतात : कोणत्या शहराचे मैदान चांगले, आणि खेळ संपल्यावर तेथे खायला काय मिळते. अठरा होलांचा डाव पायी पूर्ण करण्यास साधारण चार तास लागतात. पहाटे निघालेल्या खेळाडूला दहाच्या सुमारास कडकडून भूक लागते. क्लबच्या उपाहारगृहाला जगभर गमतीने 'एकोणिसावे होल' म्हणतात, ते उगीच नव्हे. मैदान आणि न्याहारी यांचे नाते असे जुने आहे.

मुंबईकर खेळाडूंच्या गप्पांना इतिहासाचीही जोड असते. कोलकात्यापाठोपाठ १८४२ मध्ये मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाला. भारतीय आणि युरोपीय अशा दोघांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब १९१८ चा, तर चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. या मैदानांची हिरवळ मन निववणारी आहे, यात शंका नाही. मात्र त्यांचे फाटक सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठीच उघडते. आतल्या टोस्ट-ऑम्लेटची चव बाहेरच्या रस्त्याला ठाऊक नसते.

नाशिकची कथा याहून निराळी आहे. त्र्यंबक रस्त्यालगतच्या विस्तीर्ण मैदानाला नाशिककर आजही 'गोल्फ क्लब' असेच म्हणतात. ब्रिटिश अमदानीत येथे गोल्फ खेळला जाई. आज तेथे ना होल आहेत, ना काठ्या. उरले आहे ते केवळ नाव. मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणारे आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले हे तरुण क्रांतिकारक. साहेबांच्या खेळाचे मैदान साहेबाविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्याच्या नावे व्हावे, यात इतिहासाचा न्याय आहे. आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे सुखाने नांदावीत, यात या शहराचा स्वभाव आहे.

या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले आहेत. पण त्याचे खरे वैभव पहाटे दिसते. निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, मधुमेहाने चालायला लावलेले व्यापारी, सारे एकाच वाटेवरून फेऱ्या मारतात. फेऱ्या संपल्या, की पावले मिसळीकडे वळतात. मोड आलेल्या मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर शेव, कांदा, लिंबू. सोबत पाव, पापड आणि दही. रस्सा संपला, तर पुन्हा मागावा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्या बाकावर कारखानदार आणि कारकून खांद्याला खांदा लावून बसतात. नाशिकचे 'एकोणिसावे होल' ते हेच. त्याला सभासदत्व लागत नाही.

मग गोल्फ गेला, हे बरेच झाले, असे म्हणावे काय? येथे थोडे थांबावयास हवे. खेळ श्रीमंतांचा असतो, असे नाही. त्याची जागा तशी केली जाते. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून वाढलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. दुसऱ्याच्या काठ्या वाहताना जे त्यांनी पाहिले, तेच त्यांचे शिक्षण. अशा मुलाला फाटकातून आत येण्याची वाट कॅडीच्या कामातूनच मिळावी, हे मात्र भूषणावह नाही.

गोल्फचे माहेर असलेल्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्या हिरवळीवरून मुलाबाळांसह फिरतात. नवी मुंबईत खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने उभारलेले मैदानही याच दिशेचे पाऊल आहे. खेळ आणि खुलेपणा यांत वैर नाही, हेच यातून दिसते.

अठरा होलांच्या मैदानास शंभराहून अधिक एकर जमीन लागते आणि हिरवळीला बारमाही पाणी. वाढत्या शहरात एवढी जमीन आणि एवढे पाणी मूठभरांसाठी राखून ठेवण्याचे समर्थन करणे कठीण आहे. नव्या मैदानांना परवानगी देताना म्हणूनच काही अटी असाव्यात. हिरवळीसाठी पिण्याचे पाणी नव्हे, तर शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे. अठराऐवजी नऊ होलांचे मैदान पुरत असेल, तर तेवढेच करावे. आठवड्यातील ठरावीक वेळ शाळकरी मुलांसाठी आणि कॅडींच्या मुलांसाठी राखावी. आणि निदान एका सकाळी नागरिकांना त्या वाटांवरून मोकळे फिरू द्यावे.

याने खेळाचे नुकसान होणार नाही. त्याला नवे खेळाडू मिळतील. जुन्या क्लबांनीही हा विचार करावा, कारण ज्या मैदानाशी शहराचे नाते नसते, त्याच्यावर संकट आले, तर शहर त्याच्या पाठीशी उभे राहत नाही. नाशिकच्या मैदानावर उद्या कोणी इमारत उभी करू पाहील, तर पहाटे चालणारे सारेच आडवे येतील. तेवढे प्रेम कोणत्याही कुंपणाला मिळवता येत नाही.

चांगले मैदान कोणते, हा खेळाडूंच्या गप्पांतील प्रश्न तसा संपणारा नाही. पण त्याचे एक उत्तर मिसळीच्या बाकावर मिळते : ज्याच्या फाटकापाशी शहर थांबत नाही, ते मैदान चांगले.