आई काटकुळी, म्हणून दूध पातळ?

गेल्या आठवड्यात अमळनेरकडच्या एक सासूबाई सून आणि दीड महिन्याचा नातू घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, दूध पातय शे." सून काटकुळी, वजन जेमतेम ४० किलो. बाळ दिवसातून पाच-सहा वेळा पिवळी, पातळ शी करायचे. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याचे हे नेहमीचेच. वजनही छान वाढत होते. तरी घरच्यांनी म्हशीच्या दुधाची बाटली लावली आणि मग खरे जुलाब सुरू झाले!

१९५० च्या दशकात डॉ. सी. गोपालन यांनी गरीब भारतीय मातांचे दूध तपासले. प्रथिने १०० मि.लि.ला सुमारे एक ग्रॅम, म्हणजे खात्यापित्या घरच्या बायकांइतकीच भरली. आईची फारच उपासमार झाली तर दूध कमी येते, पण आधी झिजते ती आईच. म्हशीच्या दुधात प्रथिने सुमारे चौपट, त्यातही केसीन जास्त. त्याचा पोटात घट्ट गोळा होतो. आईच्या दुधातली बरीचशी प्रथिने निवळीतली, ती सहज पचतात. (जाड बायकांना मात्र पहिले दूध उतरायला कधी कधी उशीर लागतो. तेव्हाही बाटली नको.)

जळगाव जिल्ह्यात केळीचे ढीग, आणि बाळंतिणीला केळ वर्ज्य, का तर बाळाला सर्दी होते! डाळही बंद. मला याचा राग येतो. सुनेला कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे पोटभर द्या, असे सांगून बाटली मी ठेवून घेतली. सासूबाईंना ते फारसे पटलेले दिसले नाही. सोमवारी वजनाला बोलावले आहे.