निकालाच्या फलकावर नसलेली मुले

दहावीचा निकाल लागला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही जा, चौकात फ्लेक्स दिसतात. 'शाळेचा निकाल शंभर टक्के', खाली पहिल्या तिघांचे फोटो. त्यात आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी असली की तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. आनंद व्हायलाच हवा. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आमच्याकडे कोणी टक्केवारी दाखवली की पहिला प्रश्न असतो: कितीपैकी? शाळेच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही. ज्यांचा फोटो कधीच लागत नाही, त्या मुलांना ते महागात पडते.

आधी साधा हिशेब. २०२४ साली राज्यातल्या नियमित विद्यार्थ्यांचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. एखाद्या छोट्या शाळेत दहावीला २० मुले असतील आणि त्यातला एकच नापास झाला, तर शाळेचा निकाल ९५ टक्के. म्हणजे एका मुलामुळे ती शाळा 'राज्याच्या सरासरीखाली' गेली! पुढच्या वर्षी तो एक पास झाला की तीच शाळा 'उत्कृष्ट'. मास्तर तेच, शिकवणे तेच. इतक्या लहान पटावरून शाळेची प्रत ठरवायची, तर निदान पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहायला हवेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. समजा, दोन शाळांत आठवीला ३०-३० मुले होती. पहिल्या शाळेतली १० मुले दहावीपर्यंत पोचलीच नाहीत. उरलेली २० परीक्षेला बसली आणि सगळी पास झाली. निकाल शंभर टक्के. दुसरीने २८ मुले परीक्षेला बसवली, २५ पास झाली. निकाल ८९ टक्के. फ्लेक्स पहिलीचा लागेल. पण आठवीपासून मोजले तर पहिलीने ३० पैकी २० मुले पार नेली, दुसरीने २५.

ती १० मुले जातात कुठे? काही कामाला लागतात. काहींना नववीतच सांगितले जाते, 'तुझे जमणार नाही, १७ नंबरचा फॉर्म भर.' बाहेरून परीक्षा देण्याची ही सोय शाळा सुटलेल्यांसाठी आहे, आणि ती चांगली आहे. पण कच्च्या मुलाला बाजूला सारायला ती वापरली, तर तो मुलगा शाळेच्या निकालातून आणि राज्याच्या त्या ठळक आकड्यातूनही गळतो, कारण खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा मोजला जातो. शिक्षण हक्क कायदा इथे हात देत नाही. तो ६ ते १४ वयोगटाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववी-दहावीची दोन वर्षे त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

आता या दोन तालुक्यांतली मुले कोण आहेत ते पाहू. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या. त्यातली बरीच मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. डिंभे धरणाने काहींची गावेच उठवली. पूर्वेला नारायणगाव-मंचरची बागायत आणि तिथे मजुरीला येणारी कुटुंबे. आणि बाजारपेठांच्या गावांत आपण. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारे कागदी मुसलमानच होते. या सगळ्या घरांतली मुले एका वर्गात येतात तेव्हा ती एका रेषेवर उभी नसतात. प्राथमिक शाळा उर्दूत शिकून मराठी माध्यमात आलेले मूल गणितात नाही, गणिताच्या भाषेत अडखळते.

म्हणून वेगळ्या वाटेने जाणाऱ्या छोट्या शाळांना मोजायची पट्टी वेगळी हवी. उदाहरण जवळचेच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झाले. मराठी माध्यमाची ही शाळा. गावातल्या वेगवेगळ्या थरांतली मुले एकत्र शिकावीत हा तिचा आग्रह. अशा शाळेला विचारायचा प्रश्न असा: मूल आले तेव्हा त्याला काय येत होते, आणि जाताना काय येते? पण ही सवलत नाही. 'आमच्याकडे गरिबांची मुले येतात' एवढे म्हणून कोणत्याही शाळेची सुटका होत नाही. आठवीत आलेल्या मुलाला दहावीतही सलग वाचता येत नसेल, तर दोष त्याच्या घराचा नाही.

समाज म्हणून आपली पट्टीही तपासायला हवी. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. तो आकडा आपण भाषणात वापरतो, पण आपल्या गल्लीचा आकडा कोणाकडे आहे? 'मुस्लिम' हा एकच रकाना पुरेसा नाही. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, मोमीन या बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. त्यांच्यातली किती मुले जातीच्या दाखल्याअभावी शिष्यवृत्तीला मुकतात? शिवाय २०२४ मध्ये राज्यात मुली ९७.२१ टक्के पास झाल्या, मुले ९४.५६. मुलींचा सत्कार करताना त्यांचे भाऊ कोणत्या गॅरेजवर, कोणत्या बेकरीत आहेत, हेही विचारू या.

यासाठी ना निधी लागतो ना सरकारी आदेश. चार-पाच जणांनी आपल्या मोहल्ल्यात एक वही घालावी. यंदा आठवीत असलेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यात लिहावे, मुलगा-मुलगी, शाळा, आधीचे माध्यम, दाखला आहे की नाही. ही वही घरची आहे असे समजून जपावी, ग्रुपवर टाकू नये. दर सहा महिन्यांनी एकेक नाव तपासावे. एखादे नाव शाळेतून गायब झाले, तर त्याच आठवड्यात आई-अब्बांना भेटावे आणि मुख्याध्यापकांनाही. शाळा व्यवस्थापन समितीत आणि पालकसभेत आपले पालक बसत असतील, तर त्यांनी एवढेच विचारावे: सर, आठवीत किती होते?