परदेशची विद्या आणि परतीची वाट

दरवर्षी आषाढ-श्रावणाच्या सुमारास कांजूरमार्गच्या वस्तीत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. इमारतीच्या दाराशी भाड्याची मोटार उभी असते, तोलून-मापून भरलेल्या दोन पेट्या तीत चढविलेल्या असतात, आजी नातवाच्या हातावर दही घालते आणि शेजारी जिन्यात उभे राहून 'पोचल्यावर कळव' असे सांगतात. मोटार विमानतळाच्या वाटेला लागली म्हणजे घरची मंडळी वर येतात. आणि मग मुलाचा बाप कपाटातून बँकेचे कागद काढून ते पुन्हा एकवार वाचतो. पहिल्या देखाव्याचे कौतुक सर्वांस आहे. दुसऱ्याविषयी कोणी बोलत नाही. आज आम्ही त्या दुसऱ्याविषयीच लिहिणार आहो.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. परदेशी जाऊन विद्या संपादन करण्यास आमचा विरोध नाही. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असे मानणाऱ्यांचा काळ महाराष्ट्राने पाहिला आहे. त्या काळी लोकनिंदा सोसून आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हे दोन प्रवास घडले नसते तर महाराष्ट्र किती दरिद्री राहिला असता! फार दूर जावयास नको. कांजूरमार्ग स्थानकावर उतरून हजारो विद्यार्थी पवईच्या ज्या तंत्रविद्येच्या संस्थेकडे वळतात, ती १९५८ साली युनेस्कोच्या व सोव्हिएट रशियाच्या साह्याने उभी राहिली. तिच्या आरंभीच्या काही अध्यापकांनी रशियात जाऊन शिक्षण घेतले होते. बाहेरची विद्या घरी आली आणि तिला येथे जागा मिळाली म्हणजे काय घडते, ह्याचा हा आमच्या दारचाच दाखला आहे.

'जागा मिळाली' हे शब्द आम्ही मुद्दाम योजिले आहेत. कारण नुसते पाठविल्याने काम भागत नाही, हेही आमच्याच इतिहासाने शिकविले आहे. शिष्यवृत्तीच्या करारान्वये दहा वर्षे नोकरी करावयाची म्हणून डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास गेले. पदवी होती, पद होते. पण त्या शहरात राहावयास कोणी खोली देईना. नाव लपवून एका पारशी खाणावळीत राहिले, तेथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले, आणि थोड्याच दिवसांत त्यांस मुंबईची वाट धरावी लागली. सयाजीराव महाराजांनी पैसा खर्च केला; समाजाने त्याचे फळ दाराशी आलेले परत लावून दिले.

आता शेजारच्या चीनकडे पाहू. युंग विंग नावाचा चिनी तरुण १८५४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. परत येऊन त्याने दरबाराचे मन वळविले आणि १८७२ पासून चार तुकड्यांत १२० मुले अमेरिकेस धाडविली. मुले परकी होत आहेत ह्या भीतीने दरबाराने १८८१ साली सर्वांस परत बोलाविले. तरी त्यांतल्याच झान तियानयूने पुढे पेकिंग ते झांगजियाकू हा डोंगरातला लोहमार्ग बांधून १९०९ साली पुरा केला. १९७८ साली चीनने ही वाट पुन्हा उघडली. त्या वर्षअखेर ५२ जण अमेरिकेस पोचले. पुढे हजारो गेले आणि त्यांतले पुष्कळ तिकडेच राहिले. तेव्हा चीनने दार लावून घेतले नाही. परतणाऱ्यांसाठी प्रयोगशाळा काढल्या, उद्योगास जागा दिल्या, विद्वानांस मोठी वेतने देऊ केली. परिणाम असा की १९७८ ते २०१९ ह्या काळात सुमारे ६५ लाख ६० हजार विद्यार्थी बाहेर गेले आणि ४२ लाखांवर परतले, असे त्यांचे शिक्षणखाते सांगते. ह्यातील बहुतेक सरकारी खर्चाने नव्हे, तर आईबापांच्या पैशाने गेलेले होते. आज तेथेही परतलेल्यांस नोकरीची चणचण भासते, आणि तेथील राज्यपद्धतीचा कित्ता आम्ही गिरवावा असेही आम्ही म्हणत नाही. घ्यावयाचा धडा एवढाच, की जाणाऱ्यास शिव्या देऊन कोणी परत येत नाही. परतावयास जागा असली म्हणजे माणूस येतो.

आमची स्थिती काय आहे? २०२३-२४ साली अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि चिनी २,७७,३९८; म्हणजे संख्येत आपण चीनला मागे टाकले. वर्तमानपत्रांतून ह्याचा आनंद झाला. पण ही गर्दी कोणत्या भांडवलावर उभी आहे? हिशेबात मुरलेल्या आमच्या व्यापारी वाचकांनी हे गणित करून पाहावे. चाळीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५३,००० रुपये पडतो, आणि चाळिसाचे त्रेसष्ट लाखांवर भरावे लागतात. शिक्षण चालू असतानाचे व्याज निराळेच. एवढ्या रकमेस बँक बहुधा तारण मागते, आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थाजवळ तारण म्हणजे राहते घर. हे सारे गणित मुलास परदेशी नोकरी लागेल ह्या एका आशेवर रचलेले असते, आणि ती आशा दुसऱ्याच्या हाती आहे. कानडाने जानेवारी २०२४ मध्ये परकी विद्यार्थ्यांच्या संख्येस मर्यादा घातली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये कुशल परकीयांच्या नव्या एच-वन-बी परवान्यावर एक लाख डॉलरांची आकारणी पुकारली. तेथेच शिकत असलेल्यांस मागाहून बहुतांशी वगळले, तरी मधल्या दिवसांत किती घरांत झोप उडाली असेल, ह्याची कल्पना करावी.

कोणी म्हणेल, 'ज्याचा पैसा त्याची मर्जी. तुम्ही मध्ये बोलणारे कोण?' पण बुडाले तर घर एकट्या मुलाचे बुडत नाही. धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि आईबापांचे म्हातारपण त्याच कागदात गहाण पडलेले असते. शिवाय ज्याला गहाण टाकावयास घरच नाही, त्याने काय करावे? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या मुलांस परदेशी शिष्यवृत्त्या देते, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु ७५ जागांची ही योजना ज्या समाजासाठी आहे, त्याची राज्यातील संख्या २०११ च्या गणनेत १ कोटी ३२ लाखांवर होती. बुद्धी जातवार किंवा मिळकतवार वाटलेली नसते. मग संधी तशी का वाटली जावी?

आमच्या सूचना तीन आहेत. पालकांनी कर्जावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा: तिकडे नोकरी मिळाली नाही आणि मुंबईच्या पगारातूनच हप्ता भरावा लागला, तर घर टिकेल काय? उत्तर 'नाही' असेल तर विद्यालय बदलावे, देश बदलावा किंवा दोन वर्षे थांबावे; ह्यात अब्रू जात नाही. विद्यालयांकडून दलाली घेणाऱ्या मध्यस्थापेक्षा तेथे राहून आलेल्या दोघा-तिघांस विचारलेले बरे. दुसरी सूचना व्यापाऱ्यांस. उत्सवांसाठी व ज्ञातीच्या कार्यांसाठी आपण उदार हाताने देता. त्यातला एक वाटा शिष्यवृत्तीच्या निधीस द्यावा, आणि शिकून कमावता झालेल्याने तो पुढच्यासाठी फेडावा असा नियम करावा. परतलेल्या तरुणास 'तिकडे टिकला नाही वाटते' असे न हिणवता आपल्या पेढीवर, कारखान्यात काम द्यावे. तिसरी सूचना सरकारास: शिष्यवृत्त्या वाढवाव्या, त्यांचा पैसा वेळेवर पोचवावा, आणि आमच्या विद्यापीठांतून अध्यापकांच्या ज्या जागा रिकाम्या पडल्या आहेत त्या भराव्या. स्वतःच्या घरी खुर्ची रिकामी ठेवून मुलगा परत येत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही.

पुढल्या आषाढात मोटारी पुन्हा येतील, आजी पुन्हा दही घालील; तसे व्हावे अशीच आमची इच्छा आहे. मात्र जाणाऱ्यास निरोप देताना त्याच्या परतण्याची सोय कोणी केली आहे काय, हा प्रश्न जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाने स्वतःस विचारावा, एवढेच आमचे मागणे आहे.